सात गरे

कातळपेठेत भांडणाची वेळ ठरलेली होती. दर मंगळवारी, शाळा सुटली की, मोठ्या टाकीजवळच्या कट्ट्यावर. आठवडाभरात कुणाचं कुणाशी बिनसलं तरी लोक म्हणायचे, "मंगळवारी बघू," आणि बरीचशी भांडणं मंगळवार उजाडेपर्यंत शिळी होऊन जायची. उरलेली कट्ट्यावर यायची. तिथे न्यायाधीश नव्हता, पोलीस नव्हता, मिशीला पीळ देत बसणारे पंच नव्हते. दोन प्रश्न विचारायचे असत आणि ते कुणीही विचारले तरी चालत. पहिला: कुणी कुणाला काय द्यायचं? दुसरा: कुणी कुणाचं ऐकायचं, आणि का?

मागच्या महिन्यातलं मासळीचं भांडण घ्या. खाडीकडून आलेल्या लोकांना बांगडे सुकवायला मोकळा कातळ हवा होता, आणि मूळच्या सड्यावरच्या, म्हणजे या कातळी पठारावरच्या, लोकांची घरं नेमकी त्या कातळाच्या वाऱ्यावर. पूर्वी यावरून डोकी फुटली असती. इथे तासाभरात ठरलं. वारा फिरेल तशी मासळी या टोकाची त्या टोकाला न्यायची. कावळे राखायचं काम सड्यावरच्या म्हाताऱ्यांनी करायचं, त्याबद्दल सुकी मासळी त्यांच्या घरी जायची, आणि "आज वास फार येतोय, झाका," असं म्हाताऱ्यांनी सांगितलं की खाडीवाल्यांनी मुकाट झाकायची. मुकाट नाही झाकणार, दोन शब्द बोलून झाकू, असं होडीवरचा एक तांडेल म्हणाला. तेही मंजूर झालं. दोन शब्द, तिसरा नाही.

उल्का भाटकर कट्ट्याच्या कोपऱ्यात लेकीला मांडीवर घेऊन हे बघत बसायची आणि दर वेळी तिचा ऊर भरून यायचा. ज्यांनी दुसरं काही पाहिलंच नाही अशांना त्यात विशेष वाटलं नसतं. उल्काने पाहिलं होतं. समुद्राने तिचं खाडीकाठचं गाव गिळलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यानंतरची दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पाण्याचा टँकर आला की आपल्याच वाडीतले लोक एकमेकांच्या अंगावर कळशा घेऊन धावायचे. तिच्या वडिलांचा हात मोडला तो समुद्रामुळे नव्हे, सख्ख्या चुलतभावाच्या काठीने. मग कातळपेठ वसली, आणि त्याच चुलतकाकाच्या अंगणात वडील आता संध्याकाळी पत्ते खेळत होते. अकरा वर्षांत गावात एक काठी उगारली गेली नव्हती.

हे सगळं एका बाईच्या डोक्यातून निघालं होतं. डॉक्टर इंदुमती खरात. गावात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

उल्का कॉलेजात पहिल्या वर्षाला होती तेव्हा माणसाचा अभ्यास पाच-सहा शास्त्रांनी, भावाभावांनी घर वाटून घ्यावं तसा, वाटून घेतला होता. अर्थशास्त्राच्या वाट्याला बाजार आला, राज्यशास्त्राला सत्ता मिळाली, समाजशास्त्राला रूढी, मानसशास्त्राला मन. आणि मधल्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते कुणी विचारायचं नाही. अर्थशास्त्राचे सर सांगत, माणूस प्रत्येक गोष्टीत आपला फायदा बघतो. लगेच पुढच्या तासाला मानसशास्त्राच्या मॅडम सांगत, माणसाला आपला फायदा कशात आहे तेच कळत नाही. उल्काने सकाळच्या पेपरात एक लिहिलं, दुपारच्या पेपरात दुसरं, आणि दोन्हीकडे तिला पैकीच्या पैकी मार्क पडले. याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. शेडमधल्या दोन वर्षांनंतर ती पदवी पुरी करायला परत गेली, तोवर मधल्या भिंती पडल्या होत्या. एकच विभाग, एकच पुस्तक, आणि पुस्तकावर नाव होतं 'सांधाशास्त्र'.

बाईंचं म्हणणं असं की सगळ्यांनी हाडांचा अभ्यास केला, सांध्यांचा कुणी केलाच नाही. एकटा माणूस हे हाड. दोन माणसं जिथे जोडली जातात तो सांधा, आणि चालणं-बोलणं, मोडणं-दुखणं सगळं तिथेच. पण सांधा मोजायचा कसा? त्यासाठी बाई जुन्या तत्त्वचिंतकांकडे गेल्या. राज्याचा विचार करणारे शेकडो वर्षं एकच विचारत आले होते, कुणी कुणाचं का ऐकावं. अर्थव्यवहाराचा विचार करणारे दुसरं विचारत होते, कुणाला किती मिळावं आणि का. बाईंनी सिद्ध केलं की हे दोन प्रश्न नाहीतच. एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत. मन म्हणजे तोच प्रश्न माणसाने एकट्याने, स्वतःच्या डोक्यात स्वतःला विचारलेला. रूढी म्हणजे त्याच प्रश्नाचं इतकं जुनं उत्तर, की मूळ प्रश्न काय होता ते लोक विसरून गेलेत.

हे त्यांना कुठे सुचलं, तेही पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं. त्यांची आई जालन्याकडच्या एका शाळेत खिचडी शिजवायची. एकशे चाळीस पोरं आणि एक पळी. गुरुजींना न जुमानणारी पोरं या अडाणी बाईपुढे गप रांगेत उभी राहायची. छोट्या इंदूला त्यात दिसलं ते असं: ज्याच्या हातून वाढलं जातं त्याचं ऐकलं जातं, आणि ज्याचं ऐकलं जातं त्याच्याच हातात पळी जाते. उल्काने या वाक्याखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती.

पुढे गणित आलं. दुसऱ्यासाठी माणूस कुठवर वाकतो, आणि कुठे येऊन म्हणतो की बस, आता नाही, याला बाईंनी नाव दिलं 'लवमान'. प्रत्येकाचं लवमान वेगळं, पण ते पाचव्या वर्षापर्यंत बरंचसं पक्कं होतं आणि मोजता येतं. कोणत्या आळीत कोणत्या लवमानाची माणसं किती असली म्हणजे सांधा धरतो, याचं कोष्टक म्हणजे 'सांधापट'. कातळपेठेतली घरं त्या पटाप्रमाणे दिली होती. आणि पट चालू राहावा म्हणून दर वर्षी मे महिन्यात, गावातल्या पाच वर्षांच्या मुलांचं लवमान बाई स्वतः येऊन मोजत.

या वर्षी तिलूची पाळी होती.

तिलू म्हणजे तिलोत्तमा. पणजीचं नाव आणि पणजीचाच स्वभाव. 'का?' विचारल्याशिवाय ती चप्पल घालायची नाही. अंगणवाडीत एकदा सगळ्यांना लाडू वाटले आणि दंगा केला म्हणून एका पोराला दिला नाही, तर तिलूने आपला लाडू उचलून परत ताटात ठेवला. ताईंनी विचारलं, तुला नको का? ती म्हणाली, हवाय. मग ठेवलास का? "त्याला का नाही दिला ते अजून तुम्ही सांगितलं नाही." ताई हसून हसून सांगत होत्या, उल्काला घाम फुटला होता.

कारण गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्याच वर्षी दोन कुटुंबं, एक मांजरेकर आणि एक धुळप, इथून हलवून दुसऱ्या वसाहतीत पाठवली होती. का, ते कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हळू आवाजात सांगायचे की मांजरेकरांच्या मुलाचं लवमान फार ताठ निघालं, पटात कुठे बसेना. उल्का पोळ्या लाटताना, केस विंचरताना, तिलू खेळत असली की खिडकीतून, तिला सारखी न्याहाळायची. किती वाकते? वाकते का मुळात? या गावातून निघायचं म्हणजे पुन्हा कुठल्या शेडमध्ये?

तिचा नवरा हर्षल टाकीवर पंप बघायचा. तो म्हणाला, "पाच वर्षांची आहे ती. तिला गरे खायला बोलावलंय, फाशी द्यायला नाही."

गरे हे खरंच होतं. मोजमापाला गावात 'गऱ्यांचा खेळ' म्हणत. समोरासमोर दोन मुलं बसवायची, मध्ये ताटात काप्या फणसाचे सात गरे. सात, म्हणजे सारखे वाटेच होत नाहीत. पहिल्या डावात एकाने वाटायचं. दुसऱ्याला वाटणी पटली तर दोघांनी खायचं, नाही पटली तर ताट उलटं करायचं, मग कुणालाच काही नाही. दुसऱ्या डावात उलट. तिसऱ्या डावात बाई स्वतः वाटत, एकाला सहा आणि एकाला एक, आणि नुसतं म्हणत, "मी सांगते म्हणून." मग मूल काय करतं ते बघायचं. शेवटी विचारायचं, बरोबर झालं का? बस. एवढ्यात देणं आलं, घेणं आलं, ऐकणं आलं, न ऐकणंही आलं. उल्काला या खेळाचं फार कौतुक वाटायचं. जाड जाड पाच शास्त्रं एका फणसात बसवायची म्हणजे काय थट्टा आहे?

आणि तरी तिने ठरवलं की तिलूला शिकवायचं.

शेजारच्या नाझनीन परकारचा मोठा मुलगा चार वर्षांपूर्वी हा खेळ खेळला होता. उल्काने त्याला सहज विचारल्यासारखं करून सगळं काढून घेतलं. पोरगा आनंदाने सांगत होता. आपण वाटायचं तेव्हा समोरच्याला चार, आपल्याला तीन. समोरच्याने तीन दिले तरी ताट उलटं करायचं नाही. बाईंनी एकच दिला तर एकदा 'का' विचारायचं, दोनदा नाही. आणि शेवटी म्हणायचं, "बरोबर झालं. कुणीच रुसलं नाही." किती गुणी पोर, उल्काला वाटलं. याला हे सगळं आतूनच सुचलं असणार.

दुपारची जेवणं झाली की ती तिलूला घेऊन बसायची. फणसाच्या उकडलेल्या सात आठळ्या ताटलीत. पहिल्या दिवशी तिलूने आठळ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला भूक किती लागलीय?"

उल्का थांबली. प्रश्न काही वाईट नव्हता. पण तो नाझनीनच्या मुलाने सांगितलेल्यात नव्हता.

तसं विचारायचं नाही, तिने सांगितलं. मोजायचं आणि द्यायचं.

का?

खेळ तसा आहे म्हणून.

तिलूने त्या दिवशी ताटली उलटी केली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी उल्का रडकुंडीला आली, खोटं नव्हे, खरंच आली, आणि तिलू तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने चार-तीन वाटलं. दहाव्या दिवशी तर 'का' असं काही नेमकं विचारलं, एकदाच, मान जराशी तिरकी करून, की उल्काने तिला उचलून मुके घेतले. आपण ज्या बाईला देवासारखं मानतो तिलाच फसवायला निघालोय, हे तिला कळत होतं. टोचतही होतं. पण लेकीपुढे देव काय.

खेळाच्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात मुलं आत आणि आया बाहेरच्या व्हरांड्यात, गजांच्या खिडक्यांशी. बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, सुती साडीवर पुरुषी घड्याळ. दर वर्षी म्हणे त्या खिडक्यांकडे पाठ करून बसत. या वर्षी त्यांनी सतरंजी फिरवून घेतली होती आणि खिडक्यांकडे तोंड केलं होतं. उल्काच्या ते लक्षात आलं. तिच्या लक्षात येत नाही असं काही नसायचंच.

तिलूसमोर सड्यावरच्या सावंतांची अन्विता होती. तिलूने चार दिले, तीन ठेवले. अन्विताने चार दिले, तीन ठेवले. बाईंनी अन्विताला सहा आणि तिलूला एक दिला तेव्हा तिलूने मान तिरकी केली आणि एकदाच विचारलं, का? "मी सांगते म्हणून." तिलूने गरा उचलून खाल्ला.

बाईंनी विचारलं, बरोबर झालं का?

"बरोबर झालं," तिलू आणि अन्विता म्हणाल्या. "कुणीच रुसलं नाही."

दोघी. एका सुरात.

उल्काने शेजारी पाहिलं. अन्विताची आई गजांना धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. कुणीच रुसलं नाही. तिच्यापलीकडे नाझनीन, धाकट्याला घेऊन आलेली; तिचेही ओठ. पुढच्या खिडकीतल्या तिघी. त्यापुढच्या चौघी. अख्ख्या व्हरांड्यात आया आपापल्या पोरांचं उत्तर मनातल्या मनात म्हणत उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं. उल्काने पटकन स्वतःच्या तोंडाला हात लावला. तिचेही हलत होते.

गजांच्या आतून बाई बघत होत्या. मुलांकडे नव्हे.

खेळ संपल्यावर त्यांनी उल्कालाच का बोलावलं कोण जाणे. कदाचित तोंडाला हात लावलेली ती एकटीच होती म्हणून. तिलू बाहेर अन्विताबरोबर गजगे खेळत होती. शाळेच्या छोट्या खोलीत बाईंनी स्वतः बशीत चहा ओतून उल्कापुढे सरकवला, शिक्षण विचारलं, आणि ती सांधाशास्त्र शिकलेली आहे म्हटल्यावर खुशीत आल्या. मग एक कागद उलगडला. त्यावर कोष्टकातून आलेली एक रेघ होती आणि तिच्या आसपास टिंबं. एकेक टिंब म्हणजे एकेक मूल. दुसऱ्या वसाहतींच्या कागदांवर टिंबं रेघेच्या अवतीभवती विखुरली होती, अंगणात टाकलेल्या दाण्यांसारखी. कातळपेठेच्या कागदावर सगळी रेघेवर बसली होती. मण्यांची माळ.

"जगभरातून लोक हा कागद बघायला येतात," बाई म्हणाल्या. "माझं शास्त्र खरं आहे याचा सगळ्यात मोठा पुरावा हे गाव. मीही बरीच वर्षं याच्याकडे बघून पोट भरून घेतलं. पण पोरी, देवाने काढलेली रेघ इतकी सरळ नसते. तू शिकवलंस का तिला?"

उल्काने बशी खाली ठेवली. नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं तर तिलू गेली, घर गेलं, नाझनीन गेली, सावंतीण गेली, आणि समोरच्या या म्हातारीच्या आयुष्याची कमाईसुद्धा गेली. तिने बाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, धाकही नव्हता. ज्या माणसाला खरं उत्तर हवंच असतं, मग ते स्वतःच्या विरुद्ध का असेना, अशा माणसाचे डोळे तिने त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"शिकवलं," ती म्हणाली. "सगळ्याच शिकवतात. मला वाटत होतं मी एकटीच."

"मलाही वाटत होतं तूच एकटी असावीस. म्हणजे तसं वाटून घ्यायचं होतं." बाई हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. "पण का गं शिकवता?"

उल्काने मांजरेकर आणि धुळपांची गोष्ट सांगितली. बाई ऐकतच राहिल्या. मांजरेकरांना मुलीच्या सासरजवळ राहायचं होतं, त्यांनी अर्ज केला होता, त्या म्हणाल्या. धुळपांना दम्यामुळे इथली जांभ्याची धूळ सोसेना. ताठ म्हणून कुणाला हलवायचं? उलट ताठ माणसं पटाला हवीच असतात. तुमच्याकडचा गडगा बघ, त्या म्हणाल्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. सगळे दगड गुळगुळीत असते तर पहिल्या पावसाळ्यात घसरले असते. कुठेही न बसणारा एखादा वेडावाकडा दगड असतो, त्याच्या अडणुकीवर भिंत उभी राहते.

मग त्यांनी विचारलं, शिकवायच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, पोरीने काय केलं होतं? उल्काने भुकेचं सांगितलं.

बाईंनी पिशवीतून जुन्या नोंदी काढल्या. पहिल्या वर्षी कातळपेठेतल्या बासष्ट मुलांपैकी नऊ जणांनी वाटण्याआधी समोरच्याला काही ना काही विचारलं होतं. तुला आवडतात का. तू सकाळी जेवलास का. दुसऱ्या वर्षी चार जणांनी. गेल्या सहा वर्षांत एकानेही नाही. मला वाटलं गाव शांत होत चाललंय, त्या म्हणाल्या.

"आता खरी अडचण ऐक. ग्रहाला आपला नियम ठाऊक नसतो, म्हणून तो बिचारा फिरत राहतो आणि आपण मोजत राहतो. माणसाला नियम कळतो. आणि कळला की तो पाळायला लागतो. कातळपेठ अकरा वर्षं टिकली ती सांधाशास्त्र खरं आहे म्हणून, की तुम्ही सगळ्यांनी मिळून ते खरं करून दाखवलंत म्हणून? हे आता मला कधी कळणार नाही. कौतुकाने माझा घात केला बघ."

उल्का कळवळली. म्हणाली, बाई, कुणाला सांगू नका. हे असंच राहू दे. काठी नाही, टँकर नाही, माझे वडील काकाच्या अंगणात पत्ते खेळतात. खोटं असलं तरी कुणाचं काय बिघडलं?

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मंगळवारी कट्ट्यावर त्या स्वतः उभ्या राहणार होत्या, आणि गावाला, मग जगाला सांगणार होत्या की हा कागद रद्द समजा. त्यांचा आवाज जराही हलला नाही. गाव टिकेल, त्या म्हणाल्या, तुम्ही चांगली माणसं आहात. आणि नाही टिकलं तर माझं चुकलं कुठे ते तरी कळेल. उल्का त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांची इमारत स्वतःच्या हाताने उतरवायला निघालेली ही बाई तिला त्या इमारतीहून उंच वाटली. पाया पडावंसं वाटलं. तसं केलेलं बाईंना खपलं नसतं म्हणून ती नुसती उभी राहिली.

"मला तुझ्याकडून एक हवंय," बाई निघताना म्हणाल्या. "उद्या सकाळी तिलूला परत आण. एक तरी खरं टिंब मला या कागदावर काढू दे. शिकवू नकोस. शिकवलेलं विसर म्हणूनही शिकवू नकोस. नुसतं तिला तिच्या मनाने राहू दे."

उल्का जवळजवळ पळतच घरी आली. इतक्या वर्षांची भीती एका चहात उतरली होती. तिलूला कुणी कुठे पाठवणार नव्हतं. ताठ असली तरी चालणार होतं, ताठ असलेलीच हवी होती. वाटेत तिने सावंतांकडून अर्धा फणस मागून घेतला. हर्षलला सगळं भरभर सांगितलं. तो म्हणाला, मी आधीच सांगत होतो, आणि या वेळी तिला त्याचा रागसुद्धा आला नाही.

दुपारी तिने तिलूला ओटीवर जवळ घेतलं. गरे काढून वाडग्यात भरले, मोजले नाहीत. हाताला तेल, ओटीवर गोड वास. आज खेळ नाही, तिने सांगितलं. आज कुणी काही बघत नाही. आज तू आपल्या मनाने सांगायचं. हे सगळे तुझे. तुला किती हवेत? कुणाला द्यायचे असले तर दे, नको असलं तर नको. आई काही म्हणणार नाही.

तिलू वाडग्याकडे बघत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"तीन?" तिलू म्हणाली, आणि थांबून आईच्या ओठांकडे पाहिलं.

उल्काने ओठ घट्ट मिटले.

"चार?"

मोजायचं नाही गं, उल्का म्हणाली. तुला काय वाटतं ते सांग. तुला स्वतःला.

तिलूने मान जराशी तिरकी केली. मग ती पुढे सरकली, आईच्या गालाला आपला छोटा हात लावला, आणि आईला फार अवघड जात असलेली गोष्ट सोपी करून द्यावी तशा समजूतदार आवाजात म्हणाली,

"आई, तू एकदा म्हणून दाखव ना, मला काय वाटतं ते. मग मी अगदी तस्संच वाटून दाखवते."